कुमुदिनी कूलर्सची मालकीण

१२ नोव्हेंबर, बुधवार

बँकेत हयातीचा दाखला दिला. मी जिवंत आहे हे यंत्रावर अंगठा ठेवून सिद्ध करावे लागते. यंत्राला दोनदा पटले नाही, तिसऱ्यांदा पटले. मग त्याच काउंटरवर पैसे काढायची स्लिप दिली तर मुलगी म्हणते, "मॅडम, तुमच्या खात्यावर होल्ड आहे."

कसला होल्ड?

"जीएसटीकडून पत्र आलंय. तुमचा काही बिझनेस आहे का?"

म्हटले, तीस वर्षे मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवले, त्याला बिझनेस म्हणत असाल तर तोट्यातला होता. मागचे दोन पेन्शनर हसले. मुलगी हसली नाही. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझे नाव, माझा पॅन नंबर, आणि त्याखाली: प्रोप्रायटर, कुमुदिनी कूलर्स.

आहे की बिझनेस. चार वर्षांपासून आहे.

पर्समध्ये साठ रुपये होते. ऑटोवाल्याने नंदनवनपर्यंत ऐंशी मागितले. साठात आले. भांडून.

संध्याकाळी. प्रशांत शेडवरून आला, त्याला सांगितले. चिरंजीव बूट काढता काढता म्हणाले, "काही नाही गं आई. गजूभाऊला सांगतो, तो काढून टाकेल." पायातला काटा काढतात तसा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गजूभाऊचा फोन लागत नाही. प्र. म्हणतो, लागेल.

हे सगळे माझ्या नावावर का आले ते एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे मला दुसऱ्या कुणावर चिडायला जागा उरणार नाही. प्र.चे मोबाइलचे दुकान बुडाले. कर्जाचे हप्ते थकले. बँकांत त्याचे नाव इतके खराब झाले की त्याला कुणी साधे ड्रिल मशीनही हप्त्यावर देईना. मग कूलरचे काम सुरू करायचे ठरले तेव्हा म्हणाला, आई, तुझे नाव स्वच्छ आहे. नाव स्वच्छ आहे म्हटल्यावर कोणती बाई पाघळणार नाही? पाघळले. गजूभाऊने जिथे जिथे पेन्सिलने फुली मारली होती तिथे तिथे सही केली. चष्मा टीव्हीवर राहिला होता, तो आणायलाही उठले नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सहलीचे संमतिपत्रसुद्धा आधी मोठ्याने वाचून घ्यायच्या.

शेडवर माझ्या नावाचा बोर्ड लागला. निळी अक्षरे, बाजूला कमळ. मी शेजारी पेढे वाटले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गजूभाऊ आले. हे गृहस्थ चौकात झेरॉक्सचे दुकान चालवतात आणि लायसन, पॅनकार्ड, भाडेकरार, जीएसटी असे सगळे "करून देतात". धंदा सुरू झाल्यापासून आमचे जीएसटीचे कागद हेच भरतात. तीन महिन्यांतून एकदा, पाचशे रुपये.

"मॅडम, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या? नोटिशी तं येतच राहते. सरकारले दुसरं काम काय हाय?"

नोटीस? कोणती नोटीस? आमच्याकडे काही आले नाही.

"मायाकडे आली असन नं."

नोंदणी करताना त्यांनी मोबाइल नंबर स्वतःचा टाकला आहे. ईमेलही स्वतःचा. का, विचारले. तर "तुमाले ओटीपीचा तरास नको म्हणून." माझ्या सोयीसाठी! फोन काढून माझ्यासमोर शोधू लागले. मेमध्ये एक नोटीस. जूनमध्ये स्मरणपत्र. २८ जुलैला ऑर्डर. तिन्ही न उघडलेल्या.

"मले वाटलं जाहिरात असन."

मी त्यांना दार दाखवले. प्र. मला म्हणतो, "त्यांच्याशी असं बोलू नको, तेच सोडवणार आहेत."

ऑर्डर वाचली. इंग्रजी अत्यंत वाईट आहे, पहिल्याच पानावर लाल पेनाने सहा खुणा केल्या. अर्थ मात्र समजला. तुम्ही सवलतीच्या योजनेत बसत नव्हता, तरी बसलात. तेव्हा सगळा कर पूर्ण दराने भरा, वर व्याज, वर दंड. शेवटचा आकडा वाचल्यावर लाल पेन ठेवून दिले. हा फ्लॅट विकला तरच...

फ्लॅट ह्यांच्या ग्रॅच्युइटीतून घेतला. ह्यांच्यानंतर माझ्या नावावर. म्हणजे कुमुदिनी कूलर्सच्याच नावावर म्हणायचे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वैशालीने, म्हणजे सूनबाईने, कुणाला न विचारता अपॉइंटमेंट घेतली होती. तिच्या बी.कॉम.च्या वर्गातली रुबिना, आता सीए आहे. सक्करदऱ्यात सायकलच्या दुकानावर ऑफिस. जिना अरुंद, कठडा नाही. आम्ही तिघे. प्र. यायला तयार नव्हता, मी म्हटले ड्रायव्हर म्हणून ये.

मुलगी तिशीची. टेबलावर फाइली नीट. चहा विचारला. ऑर्डर वाचली, दोन मिनिटे लागली असतील. मग प्र.ला म्हणाली, "एकच सांगा दादा. माल कुठे कुठे जातो?"

प्र. अभिमानाने: "नागपूर तर आहेच. कामठी, सावनेर, काटोल, उमरेड. सौसर. पांढुर्णा. सौसरला तर खूपच जातो, माझा आत्येभाऊच डीलर आहे तिथे."

"सौसर मध्य प्रदेशात आहे ना?"

वैशालीने प्र.कडे पाहिले.

"अहो पण तिथे सगळे मराठीच बोलतात," प्र. म्हणाला.

ती हसली नाही, हे तिचे उपकार. समजावून सांगितले. छोट्या धंद्यांसाठी सरकारची एक सोपी योजना आहे. कर अगदी थोडा, कागद कमी. गजूभाऊने आम्हाला त्यातच टाकले, कारण त्यात त्यांना काम कमी. पण तिची अट आहे की माल राज्याबाहेर विकायचा नाही. एक कूलरसुद्धा नाही. तो ज्या दिवशी सौसरला गेला त्या दिवसापासून आम्ही योजनेच्या बाहेर.

सौसर! उमरेडला जावे तसे आम्ही सौसरला जातो. सकाळी बारशाला, संध्याकाळी परत. माझ्या नणंदेचे घर. या घरात आजवर कुणी "मध्य प्रदेशात जाऊन येतो" असे म्हटल्याचे मला आठवत नाही.

रुबिना म्हणाली, काकू, ऑर्डरची तारीख बघा. अपिलाचे तीन महिने गेले. उशीर का झाला हे पटवता आले तर आणखी एक महिना मिळतो. त्यातले अकरा दिवस उरलेत.

अकरा दिवस. गजूभाऊ अजून "टेन्शन घेऊ नका" म्हणून राहिले आहेत. (माझीही भाषा बिघडली.)

१८ नोव्हेंबर, मंगळवार

झोप नाही. कारण लिहायला हवे, म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी वै. जेवताना म्हणाली होती की आता ऑर्डरी वाढल्या, एखादा अकाउंटंट लावू या. महिन्याला दोन हजार घेईल. प्र. हो-नाहीच्या मध्ये होता. नाही मी म्हटले. मला वाक्यही आठवते: "तुझ्या माहेरी नोकरचाकर असतील, आमच्याकडे बेरीज घरच्या घरी होते." तिने पोळी वाढली. त्यानंतर तिने धंद्याचा विषय काढला नाही. काल थेट रुबिनाकडेच नेले.

मला वाटे अकाउंटंट म्हणजे बेरीज करणारा माणूस. बेरीज मला येते. चाळीस वर्षे घरखर्चाची वही लिहिली आहे, कधी एक रुपया चुकला नाही. पण काल त्या मुलीने बेरीज केलीच नाही. तिने फक्त विचारले, माल कुठे जातो. चार वर्षांत हे ना मी विचारले, ना प्र.ने, ना त्या झेरॉक्सवाल्याने. विचारावे हेच कुणाला सुचले नाही. त्यासाठीच तो माणूस ठेवायचा असतो आणि त्याचेच ते दोन हजार.

वै.ला आज काही बोलायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "आई, दूध उतू जातंय."

१९ नोव्हेंबर, बुधवार

नणंदेचा, मंदाताईंचा, सौसरहून फोन. त्यांना प्र.ने सांगितलेले दिसते.

"वयनी, तू आमच्या अविनाशवर काहून रागावली वं?"

मी रागावले नव्हते. मला कळलेच नव्हते की त्याच्यावर रागवायचे आहे. मग कळले. अविनाश म्हणजे त्यांचा मुलगा, आमचा सौसरचा डीलर; त्याच्या दुकानाची मागच्या वर्षी तपासणी झाली. त्याच्याकडे अकाउंटंट आहे. त्याने आमची सगळी बिले क्रमाने लावून ठेवली होती, ती अधिकाऱ्यांनी उचलली आणि चौकशी इकडे पाठवली. अविनाशला काही झाले नाही. त्याचे सगळे चोख होते. त्याच्या अकाउंटंटने चोख काम केले म्हणून आम्ही सापडलो.

"त्यानं प्रशांतले सांगतलं होतं वं तवाच, का तुया मालाची चौकशी आली होती म्हणून. प्रशांत म्हणे, गजूभाऊ पाहून घेईन."

म्हणजे माझ्या मुलाला माहीत होते.

प्र. संध्याकाळी घरी आला. विचारले. म्हणाला, तुला कशाला त्रास. ह्याला आणि गजूभाऊला, दोघांनाही माझ्या त्रासाची फार काळजी. मी ताट वाढले नाही. वै.ने वाढले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रुबिनाला उशिराचे कारण पुराव्यासकट हवे. नोंदणीतला नंबर आणि ईमेल आपला आहे आणि नोटिसा आपण मालकांना दाखवल्या नाहीत, असे गजूभाऊने प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचे. एवढे एक पान. त्याच्याशिवाय अपील उभे राहणे कठीण.

प्र. विचारून आला. गजूभाऊ म्हणतात, मी कोर्टकचेरीत पडत नाही. मग मीच फोन केला. माझ्याशी एकदम लाघवी.

"मॅडम, एक आयडिया सांगू? तुम्ही लिहून द्या, का मले काहीच माहीत नव्हतं, पोरानं सही घेतली. म्हाताऱ्या बाईले कोण काय करते?"

फोन ठेवला. म्हातारी म्हटल्याचा राग दहा मिनिटे. नंतर दुसरेच वाटू लागले. कारण खोटे काय आहे त्यात? माहीत नव्हतेच. सही घेतलीच होती. हे लिहून दिले तर कदाचित फ्लॅट वाचेल. पेन्शन नक्की...

दुपारी रुबिनाला विचारले, असे लिहिले तर? ती म्हणाली, "लिहिता येतं काकू. मग ते दादांना विचारतील, आईची सही कशी घेतली. ती केस वेगळी असते." वर म्हणाली, मी लिहून देणार नाही, कारण तुम्ही बोर्डाचे पेढे वाटले होते, हे मला वैशालीने सांगितलंय.

ठीक. मालकीण तर मालकीण.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज एक काम झाले आणि मी झोपणार आहे.

अकरा वाजता गजूभाऊच्या दुकानात गेले. म्हटले, कागद द्या. म्हणाले, नाही जमणार मॅडम. म्हटले, बरे, बसते. गिऱ्हाइकांसाठी एक स्टूल आहे, त्यावर बसले. सोबत पाण्याची बाटली आणि संत्री नेली होती.

पहिला आला तो किराणेवाला, रिटर्न भरायला. त्याला म्हटले, भाऊ, तुमच्या नोंदणीत फोन नंबर कुणाचा आहे ते पाहिले का? माझ्या नोंदणीत यांचा आहे, आणि माझे पेन्शन बंद आहे. तो गजूभाऊकडे बघू लागला. दुसरी ब्युटी पार्लरवाली. तिलाही तेच. ती तिथेच म्हणाली, दाखवा मले माझं. तिच्या नोंदणीतही यांचाच.

"मॅडम, धंदा खराब करून राहिल्या तुम्ही माया!"

माझा तर कधीच झाला, म्हटले. संत्रे खाणार?

तिसरा माणूस बाहेरूनच परत गेला. साडेबारापर्यंत पाच झाले. चौथ्याने तर माझ्या शेजारी उभे राहून स्वतःच पुढच्यांना सांगायला सुरुवात केली, मला बोलावेही लागले नाही. पावणेदोनला गजूभाऊ उठले, स्टॅम्पपेपर घेऊन आले, रुबिनाने पाठवलेला मजकूर आपल्याच कॉम्प्युटरवर छापला आणि नोटरीकडे माझ्यासोबत स्वतः आले. छपाईचे दहा रुपये मागितले. दिले. पावती मागितली. नव्हती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अपील दाखल झाले. एक दिवस हातात राखून. अपिलासोबत वादातल्या कराचा दहावा हिस्सा आधी भरावा लागतो. त्यासाठी माझी पोस्टातली ठेव मोडली. ती मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवली होती. पोस्टातला माणूस म्हणाला, मुदतीआधी मोडताय, व्याजाचं नुकसान आहे. म्हटले, मला व्याजाचं सांगू नका, या महिन्यात त्यात माझी पीएचडी झाली आहे.

जिना चढताना गुडघा बोलत होता. प्र.ने हात धरला. मी सोडवून घेतला. मग अर्ध्यात पुन्हा धरू दिला. कठडा नाही तिथे.

९ डिसेंबर, मंगळवार

दहावा हिस्सा भरल्यामुळे वसुली थांबली, खाते सुरू झाले. काउंटरवरची तीच मुलगी. "झालं मॅडम, तुमच्या बिझनेसचं?" म्हटले, सुरू आहे.

कॉलनीतल्या नलूताई आल्या होत्या. सुनेने केक करून विकायचे ठरवले आहे. इन्स्टाग्रामवर. म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या, नाव सुचवा. म्हटले नाव नंतर, आधी अकाउंटंट लावा. त्या हसायला लागल्या. "इश्श, चार केक तर आहेत हो, हिशोब तो काय!" मी त्यांना सौसरचे सांगितले. त्यांना गंमत वाटली. मग म्हणाल्या, आमचे केक काही सौसरला जायचे नाहीत. मला पुढे काही सांगावेसे वाटले नाही. मीही अशीच हसले होते, त्यांच्यापेक्षा वाईट, कारण माझ्यासमोर सून बसली होती.

प्र.ला म्हटले, रुबिनाला आता महिन्यावर लाव. म्हणाला, केस संपली की बघू.

१२ जानेवारी, सोमवार

अपिलाची तारीख २० ला. रुबिना म्हणाली, काकू, अधिकारी तुम्हाला धंद्याबद्दल विचारू शकतात. मालक तुम्ही आहात.

म्हणून आज चार वर्षांत पहिल्यांदा शेडवर गेले. सहा माणसे काम करतात. पत्र्याचा आवाज असा की स्वतःचे बोलणे ऐकू येत नाही. फिटर शामराव, पन्नाशीचे, त्यांनी मला खुर्ची दिली, फडक्याने पुसून. मी म्हटले, बसायला आले नाही, शिकवा.

त्यांनी शिकवले. पत्रा किती जाडीचा, टाकी गळू नये म्हणून सांध्याला काय लावतात, खसची ताटी आणि लाकडाच्या भुशाची ताटी यांत काय फरक. मी वहीत लिहून घेतले. "मॅडम, परीक्षा हाय का?" म्हणाले. हो म्हटले, तोंडी.

निघताना त्यांनी विचारले, "यंदा सीझन लागन नं? पोरीचं लग्न धरलं हाय मी मे मंधी." काय सांगणार. लागेल म्हटले. खोटे बोलताना कॉन्व्हेंट आठवते, या वयातही.

२० जानेवारी, मंगळवार

सुनावणी. अधिकारी शांत माणूस, थकलेला. समोर फाइलींचा ढीग. रुबिनाने पंधरा मिनिटे बोलून गजूभाऊचे प्रतिज्ञापत्र दाखवले. तिचे म्हणणे: उशीर माफ करा, ऑर्डर मालकाचे न ऐकता झाली आहे, ती रद्द करून पुन्हा ऐका. आणि पत्रा, कूलरच्या मोटारी घेताना आम्ही जो कर आधीच दिला, त्याची करातून वजावट द्या. त्या खरेदीची बिले मागितली, तर आमच्याकडे अर्धीच. बाकीची प्र.ने शेडवरच्या खिळ्याला टोचून ठेवली होती, ती पावसात गेली.

मग अधिकारी माझ्याकडे वळले. "बाई, धंदा तुम्ही स्वतः पाहता?"

मी म्हटले, मालकीण मी आहे.

"ते कागदावर दिसतंय. सौसरचे दुकानदार पैसे कधी देतात? उधारी किती दिवसांची?"

शामरावांनी हे शिकवले नव्हते. मला पत्र्याची जाडी माहीत होती. तेव्हा प्र. उठला. मी त्याचा शर्ट मागून ओढला, पण तो उठलाच.

"साहेब, धंदा मी करतो. आईला काही माहीत नाही. सौसरला माल मी पाठवला. तिथली चौकशी आल्याचंही मला कळलं होतं, मी तिला सांगितलं नाही."

रुबिनाने डोळे मिटले. अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहून घेतले, दोन ओळी. मग म्हणाले, ऑर्डर कळवू.

जिन्यात रुबिना त्याला म्हणाली, "दादा, खरं बोललात. पण मला आधी सांगायचं असतं." त्या दोन ओळींनी फायदा होईल की तोटा, हे तिलाही सांगता येईना.

गाडीत तो रडला. चाळिशीचा माणूस. मी खिडकीबाहेर पाहिले. मला त्याचा राग आला होता आणि चार वर्षांत पहिल्यांदा अभिमानही वाटला होता. दोन्ही एकदम असले की काय करतात मला माहीत नाही. रुमाल दिला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ऑर्डर नाही. रुबिना रोज बघते. आता ईमेल माझा आहे, मीही रोज बघते. दिवसातून चारदा. जाहिराती येतात, त्याही उघडते.

ऊन तापू लागले. शेडवर काम सुरू व्हायला हवे. प्र. रोज जातो, लवकर परत येतो. रुबिनाला महिन्यावर लावायचा विषय काढला की "ऑर्डर येऊ दे".

११ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी जेवणानंतर वै. टेबलावर कागद पसरून बसलेली. मी चष्मा लावून जवळ गेले. तिचे पॅनकार्ड, आधार, फोटो. नवीन नोंदणीचा फॉर्म. प्रोप्रायटर: वैशाली. फर्मचे नाव लिहायची जागा रिकामी. पेन्सिलच्या फुल्या मात्र मारून झालेल्या.

मला त्या फुल्या ओळखू आल्या.

प्र. दारात उभा होता. माझ्याआधी बोलायला लागला. आई, ऐक आधी. जुन्या फर्मची ऑर्डर कधी येईल माहीत नाही. वै.च्या नावाने नवी फर्म म्हणजे पुन्हा सोपी योजना, पुन्हा थोडा कर. अविनाशची ऑर्डर आलेली आहे, मोठी. "आणि या वेळी आपण सौसरला पाठवणार नाही. तो स्वतः टेम्पो घेऊन येईल, शेडवरून उचलेल. म्हणजे विक्री नागपुरातच झाली. गजूभाऊ म्हणतो, चालते."

गजूभाऊ म्हणतो!

चालते की नाही मला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही. हे सांगणारी बाई सक्करदऱ्यात बसते, ऑटोने दहा मिनिटे.

म्हटले, रुबिनाला विचारलेस?

"ती नाहीच म्हणणार."

म्हटले, मग तुला ठाऊक आहे.

"आई, सहा माणसं आहेत. शामराव रोज विचारतात. फेब्रुवारी गेला की ऑर्डरी गेल्या, मग वर्षभर काय खायचं? तुझं पेन्शन?"

हेही खोटे नाही.

पेन वै.च्या हातात होते. माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई, तुम्ही सांगा. करू सही?"

दोन वर्षांपूर्वी त्याच टेबलावर तिला जे बोलले होते, त्यानंतर तिने मला विचारावे असे काही उरले नव्हते. तरी विचारले. मी म्हटले, माझे ऐकू नकोस, माझे ऐकून काय झाले ते बघतेसच. उद्या दहा वाजता रुबिनाकडे आपण दोघी जाऊ, ती काय म्हणते ऐकू, आणि मग तुझे तू ठरव.

"उद्या अविनाश ॲडव्हान्स द्यायला येतोय," प्र. म्हणाला. "फर्म असेल तर देईल."

वै.ने पेनला टोपण लावले. मला वाटले झाले. पण कागद गोळा केले नाहीत. चहा ठेवते म्हणून आत गेली. प्र. गॅलरीत फोनवर आहे, आवाज खालचा, दोनदा "गजूभाऊ" ऐकू आले. फॉर्म टेबलावरच आहे, पेन त्याच्यावर.

मी समोरच्या खुर्चीत बसून हे लिहिते आहे. साडेपाच झाले. चहा झाला अशी हाक आली आहे. म्हटले, इकडेच आण.